शंभराची नोट, शहरागणिक

पार्ले-जीच्या पुड्यावरची किंमत नरिमन पॉइंटला आणि नंदुरबारला एकच असते. घरभाड्यावर मात्र कुणी एमआरपी छापत नाही. दोन शहरांच्या राहणीखर्चात एवढी तफावत का, या प्रश्नाचे निम्म्याहून अधिक उत्तर या दोन वाक्यांत आहे. तरीही ही तफावत नकाशावर, आलेखात किंवा साध्या तक्त्यात नीट मांडायची म्हटली, की भल्याभल्या संख्याशास्त्रज्ञांची दमछाक होते.

ट्रकमध्ये भरून नेता येणाऱ्या वस्तूंचे भाव शहरागणिक फार वेगळे राहू शकत नाहीत. साबण, शर्ट, मोबाइल, तापाची गोळी यांत मुंबई आणि लातूर यांच्यात फरक शोधावा लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यातले घरगुती गॅस सिलिंडरचे दर पाहा: मुंबई ८५२ रुपये ५० पैसे, दिल्ली ८५३, चेन्नई ८६८ रुपये ५० पैसे, कोलकाता ८७९. देशाच्या चार दिशांची चार महानगरे, आणि सर्वांत स्वस्त व सर्वांत महाग यांच्यात अंतर साडेसव्वीस रुपयांचे. पेट्रोलचे तसे नाही. त्याच वर्षी मुंबईत ते लिटरला १०३ रुपयांच्या वर होते, तर दिल्लीत ९५ च्या आत. पण हा फरक दोन राज्यांच्या करांचा आहे. मुंबईत पूर्वी असाच एक फरक जकातीचा असायचा. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत आणि शहरात शिरणाऱ्या मालावर पालिकेचा कर चढे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि नाक्यांचे ते काम संपले.

ट्रकमध्ये भरता येत नाही ती जागा, आणि जागेला चिकटलेल्या सेवा. दादरच्या सलूनमधली कात्री आणि उदगीरच्या सलूनमधली कात्री एकाच किमतीची असू शकते, कापणाऱ्याचा हातही तितकाच सफाईदार. पण दादरच्या कारागिराला गाळ्याचे भाडे, स्वतःच्या खोलीचे भाडे आणि रोजचा प्रवास हे सगळे त्या एका कटिंगमधून काढायचे असते. घरकाम करणाऱ्या मावशींचा पगार, शिकवणीची फी, खाणावळीचे ताट, सगळ्यांत जागेचे भाडे गुपचूप शिरलेले असते. बेला बालाश्शा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये श्रीमंत देशांत सेवा महाग का असतात, याचे उत्तर दिले. जिथे उद्योगांची उत्पादकता आणि पगार वाढतात, तिथे न्हाव्यालाही तो पेशा सोडून जाऊ नये एवढे तरी मिळावेच लागते. ते देशांबद्दल बोलत होते, पण शहरांनाही हे बऱ्यापैकी लागू पडते.

अमेरिकेने हे मोजायची सरकारी सोय केली आहे. तिथली ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस ही संस्था २०१४ पासून दरवर्षी प्रत्येक राज्याचा आणि महानगर क्षेत्राचा ‘रीजनल प्राइस पॅरिटी’ नावाचा आकडा अधिकृतपणे प्रसिद्ध करते. सगळ्या देशाची सरासरी पातळी १०० धरायची आणि कोणता प्रदेश त्याच्या किती वर, किती खाली ते सांगायचे. अलीकडच्या वर्षांत कॅलिफोर्निया ११२ च्या आसपास असते, मिसिसिपी आणि आर्कान्सा ८७ च्या आसपास. आकडे कोरडे आहेत, आणि कोरडे आकडे कुणी लक्षात ठेवत नाही. म्हणून वॉशिंग्टनच्या टॅक्स फाउंडेशनने ते उलटे करून नकाशावर टाकले: त्या त्या राज्यात शंभर डॉलरची नोट खरी किती डॉलरची? मिसिसिपीत ती ११५ डॉलरचे काम करते, कॅलिफोर्नियात ८९ चे. माहिती तीच, फक्त भागाकार उलटा. पण ११२ म्हणजे काय हे न कळलेल्या माणसालाही आपल्या खिशातली नोट आक्रसल्याचे लगेच कळते. वर्तमानपत्रांनी तो नकाशा उचलून धरला यात नवल नाही.

त्या आकड्याच्या पोटात शिरले की खरी गंमत दिसते. वस्तूंपुरते पाहिले तर अमेरिकेतली बहुतेक राज्ये शंभराच्या अलीकडे-पलीकडे दहाएक टक्क्यांत दाटीने उभी आहेत. घरभाड्याचे मात्र एक टोक राष्ट्रीय सरासरीच्या दीडपटीवर, तर दुसरे टोक दोन तृतीयांशाच्याही खाली. म्हणजे ‘महाग शहर’ म्हणताना बहुतेक वेळा आपण ‘महाग घरे असलेले शहर’ एवढेच म्हणत असतो. एकच रंग भरलेला नकाशा हे लपवतो. शेजारी शेजारी दोन नकाशे, एक वस्तूंचा आणि एक भाड्याचा, ते क्षणात दाखवतात: पहिला जवळजवळ सपाट, दुसरा डोंगरदऱ्यांचा.

भारतात असा सरकारी आकडा नाही. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण महागाईचे निर्देशांक तर दर महिन्याला बातम्यांत असतात. लेबर ब्युरो देशातल्या ८८ औद्योगिक केंद्रांचे ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. २०१६ हे त्याचे पायाभूत वर्ष. घोटाळा होतो तो इथे. २०१६ मधली प्रत्येक केंद्राची पातळी १०० धरलेली आहे. मुंबईचीही शंभर आणि सोलापूरचीही शंभर. त्यामुळे उद्या सोलापूरचा निर्देशांक मुंबईच्या पुढे गेला, तर त्याचा अर्थ सोलापुरात भाव जास्त वेगाने वाढले एवढाच. दोन मुलांची उंची गेल्या वाढदिवसापासून किती वाढली हे सांगितल्याने त्यांच्यात उंच कोण हे ठरत नाही. तरी हे आकडे शेजारी मांडून ‘अमुक शहर तमुकपेक्षा महाग’ असे रंगीत तक्ते समाजमाध्यमांवर फिरत असतात, आणि लोक ते आपापल्या शहराच्या अभिमानाने पुढे पाठवतात.

मग सरकारला दोन शहरांच्या महागाईत फरक करायची वेळ आली की ते काय करते? लोकसंख्या मोजते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत: पन्नास लाखांच्या वर, पाच ते पन्नास लाख, आणि पाच लाखांच्या खाली. एक्समध्ये आठ शहरे: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, आणि मागाहून बढती मिळालेली पुणे व अहमदाबाद. सातव्या वेतन आयोगानंतर भत्त्याचे दर मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्के ठरले. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांना पोहोचल्यावर जानेवारी २०२४ पासून ते ३०, २० आणि १० झाले. म्हणजे मूळ पगार पन्नास हजार असेल तर पुण्याच्या कर्मचाऱ्याला घरासाठी पंधरा हजार, कोल्हापूरच्याला दहा हजार, रत्नागिरीच्याला पाच हजार. मालेगावच्या कर्मचाऱ्यालाही कोल्हापूरएवढेच दहा हजार, कारण दोन्ही गावे वाय वर्गात. दोन्हीकडे भाडे सारखे आहे का, हा प्रश्न या व्यवस्थेत उद्भवतच नाही.

या वर्गांचा नकाशा कागदावर काढला तर एक चमत्कारिक रेघ दिसेल. मीरा-भाईंदर बृहन्मुंबई नागरी समूहात मोडते, म्हणून एक्स. खाडीपलीकडची वसई-विरार महापालिका स्वतंत्र, म्हणून वाय. भाईंदरहून नायगावला लोकल दहा मिनिटांच्या आत पोहोचते, आणि तेवढ्यात भत्ता तीस टक्क्यांवरून वीसवर येतो. आयकराची विभागणी तर याहून ढोबळ होती. १९६२ च्या नियमांत मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि मद्रास अशी चारच नावे होती. तिथल्या भाडेकरूला पगाराच्या पन्नास टक्क्यांपर्यंत सवलत, बाकी सगळ्या देशाला चाळीस. बंगळुरूतली भाडी आभाळाला भिडली तरी करखात्याच्या लेखी ते दशकानुदशके ‘बाकी’तच राहिले.

दारिद्र्यरेषा ठरवणाऱ्यांना मात्र ही पळवाट परवडणारी नव्हती. गरीब कोण हे ठरवायचे तर मुंबईतला आणि भुवनेश्वरमधला रुपया एकाच तराजूत घालणे भाग होते. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांना पुढे २०१५ मध्ये नोबेल मिळाले. त्यांनी भारतीय कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीतून, कुणी किती किलो घेतले आणि किती रुपये दिले यावरून, राज्याराज्यांतल्या भावांची तुलना करून दाखवली होती. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये याच जातीची पद्धत वापरली. तिच्या हिशेबाने २०११-१२ साठी शहरी दारिद्र्यरेषा महाराष्ट्रात माणशी महिना १,१२६ रुपये निघाली, तर ओडिशात ८६१. तीच जेमतेम राहणी, फक्त भाव वेगळे. ही रक्कम फार कमी आहे म्हणून तेव्हा मोठा गदारोळ झाला, आणि तो रास्तही होता. पण त्या तक्त्यात दडलेला भारताचा भावनकाशा त्या गोंगाटात कुणाच्या नजरेत भरला नाही. त्याची एक मर्यादा होतीच. सगळा शहरी महाराष्ट्र एकाच आकड्यात, म्हणजे मलबार हिल आणि हिंगोली एका पंगतीला.

भाव दाखवताना रुपया हेच माप वापरायला हवे असेही नाही. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १८२१ मध्ये एक आलेख छापला. गव्हाच्या भावाचे उभे खांब, त्यांच्याखालून जाणारी चांगल्या कारागिराच्या आठवड्याच्या मजुरीची रेघ, आणि वरच्या बाजूला राजाराण्यांच्या कारकिर्दी. अडीचशे वर्षांचा हा पट एका पानावर मावला होता. त्याला सांगायचे होते ते हे, की मजुरीच्या मानाने गहू कधी नव्हता इतका स्वस्त झाला आहे. गोम अशी की ते आलेखात थेट दिसत नाही. खांब आणि रेघ वेगवेगळे पाहून वाचकाला भागाकार मनातल्या मनात करावा लागतो. आज तो आलेख काढणारा ‘एक माप गव्हासाठी किती आठवडे काम’ अशी एकच रेघ काढेल.

यूबीएस या स्विस बँकेने शहरांच्या बाबतीत नेमके हेच केले. १९७१ पासून तिने जगभरातल्या शहरांचे भाव आणि पगार यांचे अहवाल काढले, आणि वस्तूची किंमत कामाच्या वेळात मांडली. २०१५ च्या अहवालात आयफोन ६ घेण्यासाठी न्यूयॉर्कच्या सरासरी नोकरदाराला सुमारे २४ तास काम करावे लागत होते. मुंबईच्याला साडेतीनशे तासांच्या आसपास. फोनची किंमत दोन्हीकडे फार वेगळी नव्हती. वेगळा होता तो ताशी पगार.

यावरून महाग-स्वस्त शहरांच्या दरवर्षीच्या मथळ्यांचा उलगडा होतो. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची जागतिक यादी न्यूयॉर्कला शंभर धरते, आणि तिच्यात बंगळुरू, चेन्नई, दिल्ली जगातल्या सर्वांत स्वस्त दहा शहरांत झळकल्याच्या बातम्या २०१९ मध्येही आल्या होत्या. वाचणाऱ्या बंगळुरूकराला हसावे की रडावे कळत नाही. पण त्या याद्या त्याच्यासाठी नसतातच. डॉलरमध्ये किंवा युरोत पगार घेणाऱ्या अधिकाऱ्याची परदेशी बदली झाली तर कंपनीने त्याला किती भत्ता द्यावा, यासाठी त्या बनतात. त्यांच्या टोपलीत आयात चीज असते, चांगल्या वस्तीतला फ्लॅट असतो, आंतरराष्ट्रीय शाळेची फी असते.

टोपली कुणाची, हा प्रश्न देशातल्या देशातही सुटत नाही. बीड-परभणीहून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलेल्या मुलाचे पुणे म्हणजे सदाशिव पेठेतली कॉट बेसिसवरची जागा, मेसचे दोन वेळचे जेवण, अभ्यासिकेची महिन्याची फी, चहा आणि झेरॉक्स. तो घर भाड्याने घेत नाही, खाट घेतो. कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आयटीतल्या जोडप्याच्या पुण्याशी या पुण्याचा संबंध बहुधा फक्त पावसापुरता. नागपुरात मे महिन्यात कूलर ही चैन नसते, नाशिककराचे पंख्यावर भागते. कोकणातल्या घरात मासळीला जे महत्त्व ते विदर्भात तूरडाळीला. मुंबईची टोपली उचलून नागपुरात नेली तर नागपूर एका आकड्याने स्वस्त दिसते. नागपूरची टोपली मुंबईत आणली तर फरक वेगळाच निघतो. संख्याशास्त्रज्ञ दोन्ही काढून मधला मार्ग घेतात. सामान्य वाचकाने एवढेच विचारावे, की या तक्त्यातला माणूस नक्की काय खातो आणि कुठे झोपतो.

नकाशाची स्वतःची लबाडी वेगळी. प्रदेशाला आकड्यानुसार गडद-फिका रंग देण्याची रीत फ्रान्सच्या शार्ल द्युपँने १८२६ मध्ये साक्षरतेच्या नकाशातून रूढ केली आणि ती आजही सगळ्यांच्या हाताशी असते. तिच्यात डोळ्यात भरते ते क्षेत्रफळ. महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा घ्या. गडचिरोली साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या घरात, २०११ च्या जनगणनेत वस्ती पावणेअकरा लाखांच्या आसपास. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून सहाशे चौरस किलोमीटर, वस्ती सव्वा कोटीच्या जवळ. फिका रंग दिलेला गडचिरोली अख्खा पूर्व कोपरा व्यापतो, आणि ज्या ठिकाणी महागाईची झळ सर्वांत जास्त माणसांना लागते ते ठिकाण समुद्रकाठी एका ठिपक्याएवढे उरते. म्हणून अशा विषयाला लोकसंख्येनुसार लहानमोठी वर्तुळे जास्त न्याय देतात. दिसायला ती फारशी देखणी नसतात, आणि संपादकांना देखणा नकाशा हवा असतो.

शहराच्या आतला नकाशा तर याहून बोलका. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजीने २००६ पासून घराचा खर्च आणि प्रवासाचा खर्च एकत्र मांडायला सुरुवात केली. फक्त घर पाहिले तर, उत्पन्नाच्या तीस टक्क्यांची मर्यादा धरून, शहराबाहेरच्या लांबलांबच्या वसाहती परवडणाऱ्या रंगात दिसतात. त्यात मोटारी आणि पेट्रोल मिळवून मर्यादा ४५ टक्के केली, की त्यांतल्या पुष्कळ वसाहती रंग बदलतात. मुंबईत हाच प्रयोग केला तर निकाल वेगळा येईल. लोकलचा पास इतका स्वस्त आहे की विरार, बदलापूर, पनवेल पैशांत स्वस्तच राहतील. विरारहून चर्चगेटला जलद लोकलनेही सव्वा तासाच्या आसपास लागतो; तेवढाच परतीचा, आणि तोही बहुधा उभ्याने. मुंबईच्या नकाशात रुपयांबरोबर तास मिळवले नाहीत तर तो नकाशा बिल्डरच्या जाहिरातीसारखा वाचला जाईल.

घर विकत घ्यायचे म्हटले तर तुलना सोपी होते, कारण कर्जाचा हप्ता आणि उत्पन्न दोन्ही मोजता येतात. नाइट फ्रँक या कंपनीच्या हिशेबाने २०२४ मध्ये कुटुंबाच्या उत्पन्नातला हप्त्याचा वाटा मुंबईत ५० टक्के होता, पुण्यात २३, अहमदाबादेत २०. भाड्याचे तसे नाही. गिरगावात पागडीच्या चाळीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कुटुंब महिन्याला काही शे रुपये भाडे देते, आणि गल्लीच्या टोकाला उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये भाडे लाखांत असते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेल्या भाड्यांचा तो वारसा. या दोघांची सरासरी काढली तर जो आकडा येईल त्या भाड्यात गिरगावात कुणालाही घर मिळणार नाही. शिवाय अनामत रकमेची भानगड आहेच. बंगळुरूत दहा महिन्यांचे भाडे आधी ठेवून घेण्याची जुनी रीत, मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’वर जवळजवळ बिनभाड्याची घरे. नुसते मासिक भाडे विचारले तर ही घरे फुकट वाटतील.

केंद्राचे ग्राहक व्यवहार खाते साडेपाचशेच्या आसपास केंद्रांतून कांदा, बटाटा, तूरडाळ, खाद्यतेल अशा तीन डझनांहून अधिक वस्तूंचे किरकोळ भाव रोज गोळा करते. तूरडाळीचा देशाचा नकाशा हवा तर रोज काढता येईल. नेमके ज्यावरून शहरे वेगळी होतात, त्या घरभाड्याचा नाही.

निदान महाराष्ट्रात तरी ही माहिती नाही असे म्हणता येणार नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने इथे भाडेकरार लेखी करून नोंदवणे सक्तीचे केले आहे. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, मालक आणि भाडेकरूचे फोटो काढतो, अंगठे घेतो, आणि पत्ता, क्षेत्रफळ, भाडे, अनामत, मुदत असे सगळे एकेका चौकटीत भरतो. अकरा महिन्यांनी पुन्हा तेच. मुद्रांक शुल्क काढताना सरकार परत करायच्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवते. म्हणजे ‘हेवी डिपॉझिट’चे घर आणि साध्या भाड्याचे घर एका मापात आणण्याचे सूत्रही त्या अर्जातच बसवलेले आहे. जमिनी आणि इमारतींच्या दरांसाठी हे करार नोंदवणारा नोंदणी विभागच दरवर्षी रेडी रेकनरचे विभागवार तक्ते काढतो. भाड्याचे तक्ते निघत नाहीत. करार नोंदणी विभागाच्या सर्व्हरवर साठत राहतात, वसईचे वसईच्या आणि भाईंदरचे भाईंदरच्या पत्त्यासह.